नजरमास्तर लेकीकडे जातात

आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या गळ्यात टेप असते, पण ती केवळ कुणी त्यांना न्हावी समजून आत शिरू नये म्हणून. मापं घेण्यासाठी ती गळ्यातून उतरलेली कुणी पाहिलेली नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की मास्तर मशीनवरचा पाय थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात, डावा डोळा बारीक करतात आणि माणसाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घेतात. मग म्हणतात, "झालं. शुक्रवारी या." ना वही, ना पेन्सिल, ना 'हात वर करा'. म्हणून त्यांचं नाव नजरमास्तर.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या बरोबर समोर आहे. त्यांचा चष्मा मीच दिलेला. तो नेमका माप घ्यायच्या वेळी कपाळावर का जातो, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "चष्मेवाले, चष्म्यातून तुमची नजर दिसते. मला त्या वेळी माझी हवी असते."

आणि खरं सांगायचं तर त्यांची नजर चुकत नाही. अडचण निराळीच आहे. मास्तर ज्या क्षणी बघतात, त्या क्षणाच्या माणसाचे कपडे शिवतात. त्या क्षणी तुम्ही शिंक आवरत असाल, तर सदरा शिंक आवरणाऱ्या माणसाचा होतो. मी एकदा पाठीत उसण भरलेली असताना त्यांच्याकडे गेलो होतो. तो सदरा अजून माझ्या कपाटात आहे. उसण भरली की बाहेर काढतो, अगदी अंगासरसा बसतो.

म्हणून आमच्या गल्लीने आपली एक रीत पाडून घेतली आहे. मास्तरांकडे मापाला जायचं ते भरपेट जेवून, पोट सैल सोडून, खांदे पाडून, जांभई अर्ध्यावर आल्यासारखं उभं राहायचं. आया पोरांना सांगतात, "आज मास्तरांकडे जायचंय, अजून एक पाव खा." ही रीत गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त मास्तरांना. त्यांची आपली एकच तक्रार, की ह्या गल्लीत आळशी माणसं फार.

मास्तरांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांना गाडी लागते. गाडी तुम्हाआम्हालाही लागते, पण ती चालू असताना. मास्तरांना उभी बस लागते. बस स्टँडवरून जायची वेळ आली, तर ते मागच्या गल्लीने वळसा घालतात. एकदा कुणी त्यांच्या दुकानात बसचं चित्र असलेलं कॅलेंडर टांगलं, तर तो महिना त्यांनी पालथा टांगून ठेवला. सायकल मात्र त्यांना लागत नाही. "सायकल मी चालवतो," ते म्हणतात, "बस मला चालवते. फरक आहे."

ह्या फरकाने सगळं आयुष्य सांभाळून नेलं असतं, पण त्यांच्या एकुलत्या एक लेकीने लग्न ठरवलं ते दूरच्या गावातल्या एका शेतकऱ्याशी. बसने जायचं तर दुपारपर्यंत पोचता येतं. सायकलने जायचं, तर उजाडता निघून मावळता पोचायचं. मुलगा लग्नाआधी एकदा दुकानात आला. मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला, डावा डोळा बारीक केला, म्हणाले, "झालं." आणि गर्द निळ्या लोकरी कापडाचा असा काही कोट शिवला, की आमच्या गल्लीतल्या तीन-चार विवाहित माणसांना आपलं लग्न पुन्हा व्हावंसं वाटलं.

लग्नाच्या दिवशी तो मुलगा त्या कोटात खांबासारखा उभा होता. जेवणाच्या टेबलावर त्याने घासाला हात लावला नाही. कुणी काही विचारलं तर मान हलवायचा. आमच्या गल्लीतल्या बायका भाळून गेल्या. "काय ग शांत मुलगा! काय मर्यादा! श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही."

त्यानंतर मात्र जावई म्हणून जो गेला, तो परत सासुरवाडीला आलाच नाही. लेक एकटी यायची, चार दिवस राहायची, जायची. जावयाचं काय विचारलं, तर पहिल्यांदा गाय व्यायची होती. दुसऱ्यांदाही गाय व्यायची होती. त्याच वर्षात तिसऱ्यांदा जेव्हा गाय व्यायला टेकली, तेव्हा मास्तर दुकान उघडं टाकून माझ्याकडे आले.

"चष्मेवाले, गाय वर्षातून किती वेळा विते हो?"

"एकदाच वीत असावी, मास्तर."

"मग ही काय कोंबडी आहे?"

आणि एके दिवशी लेकीने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, आता मी येणारच नाही. तुम्ही लेकीचं घर अजून पाहिलेलं नाही. तुम्हाला बस लागते, तर सायकलने या, चालत या, रांगत या. पण आधी तुम्ही या."

मास्तरांनी त्याच आठवड्यात जावयासाठी एक जाकीट शिवलं. त्याच निळ्या कापडाचं, त्याच मापाचं. माप अर्थात डोक्यात होतंच. आणि रविवारी निघायचं ठरवलं.

मी ह्यात कसा सापडलो, तर मास्तरीणबाईंमुळे. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सोबत जा. ह्यांना एकटं सोडलं तर वाटेत कुणाची तरी बाही दुरुस्त करत बसतील. आणि तिथे गेल्यावर जावयाच्या चेहऱ्याकडे तुम्ही बघा. ह्यांना माणसाचे फक्त खांदे दिसतात."

मी भाच्याची सायकल मागून आणली. तिला इतके गिअर होते, की चढाला लागणारा गिअर सापडेपर्यंत चढ संपून जाई. मास्तरांची सायकल काळी, उंच, आणि शिवणयंत्राच्या तेलावर पोसलेली. सीटला अस्तर लावून, कडेने गोट घालून शिवलेला अभ्रा. हँडलच्या दोन्ही मुठींना चक्क कफ. मास्तर स्वतः इस्त्रीच्या पँटीत, बाहेरगावच्या कोटात. पँटीच्या कडा घोट्यापाशी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी, आवळलेल्या. गळ्यात टेप. मागच्या कॅरिअरवर जाकिटाचा चपटा खोका, दोऱ्यांनी असा बांधलेला की सायकल उलटली असती तरी खोका सरळच राहिला असता.

"मास्तर, इतका थाट कशाला? घामाने भिजाल."

"व्याह्यांच्या दारात चुरगळलेला शिंपी गेला, तर लोक काय म्हणतील? डॉक्टर खोकत गेल्यासारखं होईल ते."

उजाडता उजाडता आम्ही गावाबाहेर पडलो. घरं संपली, वखारी संपल्या, आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली. मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं शेत एकदम पाहत होतो. माझा जीव हरखून गेला. मास्तरांचा जीव मात्र लगेच कामाला लागला. नांगरलेल्या रानाकडे बघून म्हणाले, "कॉर्डरॉय. पण त्या कोपऱ्यात रेघ तिरकी गेलीय बघा. माणूस नांगर धरून कुणाशी तरी गप्पा मारत असणार." कोबीच्या वाफ्यांना त्यांनी पास केलं. गव्हाच्या एका पट्ट्यावर खूश होऊन "ह्याला अस्तराची गरज नाही" म्हणाले. मक्याचं शेत त्यांना अजिबात आवडलं नाही. "सगळं वर वर वाढलंय. कमरेत काही आकारच नाही."

वाऱ्याने त्यांच्या गळ्यातली टेप मागे फडफडायची. खेड्यातल्या कुत्र्यांनी बहुधा असं काही पाहिलेलं नसावं. प्रत्येक वस्तीपाशी चार-पाच कुत्री ती टेप धरायला मागे लागत. मास्तर सायकलवर ताठ बसून, मान न वळवता, नुसते "शुक्रवारी, शुक्रवारी" म्हणत पुढे जात. आणि सांगायला हरकत नाही, कुत्रीसुद्धा थांबायची. गिऱ्हाइकं तीस वर्षं थांबतात, तिथं कुत्र्यांचं काय.

वाट विचारायची ती रस्त्याकडेला बसलेल्यांना. पहिल्या मोरीवर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना गावाचा पत्ता विचारला. ते म्हणाले, "हे काय, आलंच. त्या झाडापलीकडे." झाडापलीकडे तासभर सायकल मारल्यावर एक दूधवाला भेटला. तो म्हणाला, "आलंच की आता." पुढे एक बाई शेळ्या घेऊन चालल्या होत्या. त्या तर हसल्याच. "अहो, आलंच म्हणायचं." दुपार व्हायला आली तरी गाव येतच होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेतकऱ्याचं 'आलंच' आणि शिंप्याचं 'शुक्रवारी' ही एकाच आईची लेकरं. मी हे मास्तरांना बोलून दाखवलं. ते दोन वस्त्या माझ्याशी बोलले नाहीत.

बोलायला लागले ते माझं टायर फाटलं तेव्हा. कडेला फुटकी बाटली होती, तिने टायरचं पोट चांगलं बोटभर चिरलं. आतली ट्यूब मला चिकटवता आली, पण चिरेतून ती बाहेर डोकावायला लागली. मी डोक्याला हात लावून बसलो. मास्तर खाली बसले, कोटाच्या आतल्या खिशातून जाड सुई काढली, दोऱ्याला मेण लावलं आणि टायरची चीर शिवायला घेतली. एखादं लेकरू मांडीवर घ्यावं तसं टायर मांडीवर घेऊन. दोरा दाताने तोडला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बटण लावून देऊ?"

मी हसलो, तेव्हा कुठे 'शुक्रवारी'चा राग गेला.

दरम्यान आमच्या पाव-अंड्यांचा डबा मी गवतावर ठेवला होता, तो एका शेळीने रिकामा केला. अंडी तिने ठेवली. पाव, काकड्या आणि डब्याखालचा रुमाल नेला. रुमाल मास्तरांनी शिवलेला होता. ते म्हणाले, "निदान पारख तरी आहे."

मग चढ लागला. सायकली हाताने ढकलत आम्ही चालू लागलो. नुसती चेनची कुरकुर ऐकू येत होती. अर्ध्या चढावर मास्तर थांबले.

"चष्मेवाले, तो तिला नीट वागवत असेल ना?"

"अहो, फोनवर तर किती आनंदात असते ती."

"फोनवर मीसुद्धा बसने येतो म्हणून सांगतो." त्यांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. "लग्नात एक शब्द बोलला नाही. हसला नाही. मला वाटलं, लाजरा असेल. आता वाटतं, घुमा असेल. आणि माझी पोर झोपेतसुद्धा बोलते हो. घुम्याच्या घरात ती भिंतीशी बोलत असेल का?"

मी गिअर बदलला. सायकल हातात होती, तरी बदलला.

"दोन वर्षं झाली, सासुरवाडीची पायरी चढला नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या मनात पक्कं झालंय. आज तो माझा कोट घालून दारात आला, तर समजायचं, मनात मान आहे. मग मला काही विचारायचं नाही. नाही आला, तर पोरीला कॅरिअरवर बसवतो आणि परत फिरतो."

"मास्तर, कॅरिअरवर खोका आहे."

"खोका तुम्ही घ्या."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की पुढचा सगळा उतार मला उताराचा आनंद झाला नाही. मास्तर बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. फक्त शुक्रवार सोडून.

उताराखाली कलिंगडांचा मळा होता. चार बांबूंच्या मांडवाखाली एक बाई बसल्या होत्या. आम्हा दोघांची तोंडं बघून त्यांनी न विचारता एक कलिंगड फोडलं. मी तोंड खुपसलं. मास्तर मात्र हातातली फोड तशीच धरून मळ्याकडे बघत होते. तिथे एक बुजगावणं उभं होतं. एक बाही गुडघ्यापर्यंत, दुसरी कोपराच्या वर. मास्तरांनी फोड खाली ठेवली. मी म्हटलं, झालं, मास्तरीणबाईंचं भविष्य खरं ठरलं.

"अहो दादा, कुठे निघालात?" बाई ओरडल्या. "त्याला काय लग्नाला जायचंय?"

"ताई, तो उभा तुमच्या दारात आहे. लोक तुमची अब्रू बघतात, त्याची नाही."

आणि त्यांनी खरोखर त्या बुजगावण्याची लांब बाही दुमडून टाके घातले, आखूड बाहीची शिवण उसवून खाली सोडली, कॉलर बसवली. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"छान दिसायला लागला मेला. पण त्याचा काही उपयोग नाही बघा. पाखरं ह्याच्या डोक्यावर बसून खातात. बुजगावणं असावं तर तिकडे, पाटापलीकडच्या सूर्यफुलात आहे तसं. काय साहेब उभा केलाय! एक पाखरू तिकडे फिरकत नाही. तिकडची सगळी माझ्याकडे येतात. मी तर त्या शेतकऱ्याशी भांडणार आहे. म्हणावं, तुझा साहेब जरा इकडेही पाठव दिवसाआड."

मग गावाचं नाव सांगून विचारलं, तर म्हणाल्या, "आलंच." पण ह्या वेळी खरोखरच आलं होतं. पाट ओलांडला की तेच.

ऊन उतरायला लागलं होतं. पाट ओलांडला आणि एकदम पिवळंधमक झालं. नजर पोचेल तिथवर सूर्यफुलं, सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी, शाळेच्या प्रार्थनेसारखी. आणि त्यांच्या मधोमध, त्यांच्याकडे पाठ करून, साहेब.

मी म्हणालो, "काय रुबाब आहे हो!"

मास्तरांनी सायकल थांबवली. चष्मा कपाळावर गेला. डावा डोळा बारीक झाला. बराच वेळ तसाच राहिला.

"झालं," ते म्हणाले.

ते शुक्रवारचं 'झालं' नव्हतं. मी साहेबांकडे नीट बघितलं. गर्द निळा कोट होता.

मास्तर फुलांतून वाट काढत आत गेले. मी मागोमाग. त्यांनी कोटाची कॉलर उलटली. खाली पिवळ्या दोऱ्याचं एक इवलंसं पान भरलेलं होतं. त्यांच्या हातच्या प्रत्येक कोटावर असतं ते.

"पाखरं हाकलायला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कापसातून आल्यासारखा झाला होता. "माझा कोट." आणि मग, राहवेना म्हणून, गवताने भरलेल्या त्या खांद्यावरून हात फिरवत, "पण बसलाय कसा बघा. एक सुरकुती नाही. छातीला बघा. कमरेला बघा. माझी नजर चुकलेली नाही, चष्मेवाले. माणूस चुकला."

एवढं बोलून ते साहेबांच्या कोटाची बटणं काढायला लागले. "कोट घेतो, पोर घेतो आणि जातो. तुम्ही खोका घ्या."

"मास्तर, आधी घरी तरी जाऊ, विचारू तरी..."

"ह्याला विचारलं मी. हा खोटं बोलत नाही."

दोन बटणं निघाली असतील, तेवढ्यात फुलांतून गर्जना झाली. "ए! ए चोरा! कोट सोड!"

फुलं दोन्हीकडे आडवी होत होती आणि मधून एक गोल, धिप्पाड माणूस हातात काठी घेऊन धावत येत होता. "सोड म्हणतो ना! हात लावलास तर तंगडं मोडीन! माझ्या सासऱ्यांनी शिवलेला कोट आहे तो!"

मास्तरांनी मान वळवली. धावणारा माणूस जागच्या जागी थांबला. काठी खाली पडली. पुढे जे घडलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि डोळ्यांतलं मला कळतं. त्या माणसाने टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली, पोट आत ओढलं, श्वास कोंडला, आणि तो गोल माणूस बघता बघता उभट झाला. लग्नातला तो शांत, मर्यादशील मुलगा आमच्यासमोर उभा राहिला.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "हा कोट इथे का?"

जावयाने मान हलवली.

"मी काय विचारतोय?"

जावयाने पुन्हा मान हलवली. तोंड गुलाबी झालं होतं.

"बघितलंत, चष्मेवाले? घुमा आहे. एक शब्द नाही!"

तोंड लाल झालं. मग वांग्याच्या रंगाचं व्हायला लागलं. आणि मला एकदम उसण भरलेल्या वेळचा माझा सदरा आठवला, आणि लग्नात न जेवलेला नवरा आठवला, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो मास्तर," मी ओरडलो, "बाजूला व्हा! तुम्ही बघताय तोवर तो श्वास घेणार नाही!"

"काय?"

तेवढ्यात पलीकडून मास्तरांची लेक धावत आली. "बाबा!" म्हणून तिने हाक मारली, पण मिठी मारायच्या आधी नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "अहो, सोडा आधी तो श्वास!"

फुस्स आवाज झाला. छाती खाली आली, पोट आपल्या जागी येऊन बसलं आणि शर्टाचं एक बटण उडून सूर्यफुलात गेलं.

मास्तरांचा डावा डोळा बारीक झाला होता. तो तसाच राहिला.

"बाबा," लेक म्हणाली, "हे मापाला आले त्या दिवशी तुम्हाला बघून घाबरले आणि श्वास रोखून उभे राहिले. तुम्ही तसाच कोट शिवलात. लग्नात दिवसभर ह्यांनी तीन वेळा श्वास घेतला असेल. मोरीत जाऊन."

"चार वेळा," जावई म्हणाला. त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगला भरघोस होता.

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू, बाबा?" जावई म्हणाला. "सगळं गाव म्हणतं, मास्तरांची नजर चुकत नाही. मी उठून म्हणू, माझा कोट होत नाही? दरवेळी तुमच्याकडे यायचं ठरलं, की कोट काढायचा, अंगात घालून बघायचा. हिने मागून ओढायचं, मी पुढून. बटण काही लागायचं नाही. कोट न घालता आलो असतो, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. मग म्हणायचं, गाय व्यायचीय."

"आणि म्हणून बुजगावण्याला?"

"ते मी केलं," लेक म्हणाली. "कपाटात पडून कसर लागली असती. शिवाय तुमच्यासारखा ताठ कुणीतरी शेतात असावा असं मला वाटलं. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत त्यासाठी. आता रोज संध्याकाळी येऊन काढतात, ब्रशने झाडतात, घरात नेऊन टांगतात. आत्ताही तेवढ्यासाठीच येत होते."

मास्तर कोटाकडे बघत राहिले. मग साहेबांकडे. मग जावयाकडे.

"पण ह्याला कसा बसला?"

"बाबा, त्याला श्वास घ्यायचा नसतो."

मी हसू दाबायला सूर्यफुलामागे गेलो, तर लेकीने मला तिथूनही बाहेर ओढलं. "काका, चूक खरं म्हणजे माझीच. आपल्या गल्लीत मापाला कसं उभं राहतात, ते मी ह्यांना सांगायला विसरले."

"कसं उभं राहतात?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"चष्मेवाले, कसं उभं राहतात?"

"सैल, मास्तर," मी म्हणालो. "पोटभर जेवून. सगळी गल्ली. तुमच्या लग्नाच्या आधीपासून."

मास्तरांनी गळ्यातली टेप चाचपली. सूर्यफुलांवरून वारा गेला. मला वाटलं, आता सायकल वळते. आता खोका माझ्याकडे येतो.

"तुमची नजर बरोबरच होती, बाबा," लेक हळूच म्हणाली. "ह्यांनीच तिथे चुकीचा माणूस उभा केला होता."

मास्तरांनी साहेबांच्या अंगातला कोट उतरवला, झटकला, घडी घालून हातावर घेतला. मग जावयाकडे बघून म्हणाले, "चला. उजेड आहे तोवर बघू."

लेकीचं घर शेताच्या कडेलाच होतं. एक मोठी खोली, चूल, शेगडी, खिडकीला लागून टेबल, आणि टेबलावर लेकीच्या लग्नाचा फोटो. फोटोत जावयाचे डोळे जरा बाहेर आले होते. आम्ही सगळ्यांनी ते भावना म्हणून घेतलं होतं. मास्तरांनी लेकीचं घर बघून घेतलं, म्हणजे पडदे बघितले. मग खिडकीपाशी जावयाला उभं केलं आणि गळ्यातली टेप काढली.

इतकी वर्षं गळ्यात राहून तिला गळ्याचाच आकार आला होता. सरळ करावी तर पुन्हा वळायची. मास्तरांनी तिचं कुठलं टोक कुठे धरायचं, ते दोनदा बदलून बघितलं. जावयाला टेप लागली आणि सवयीने त्याने पोट आत घेतलं.

"श्वास सोडा," मास्तर म्हणाले. "बोला काहीतरी. मोठ्याने बोला."

"काय बोलू?"

"त्या गाईबद्दल बोला. वर्षातून तीनदा विते ती."

"गाय एक नाही, बाबा. तीन आहेत," जावई म्हणाला, आणि मग तो जो बोलायला लागला, की थांबेचना. पहिली गाय कशी आडवी पडली, दुसरीने कसं सगळ्या घराला दारात उभं केलं, तिसरीच्या वासराला कपाळावर चांदणी कशी. लेक मधे मधे बोलायला बघत होती, तिला जागाच मिळत नव्हती. उभ्या जन्मात मी पहिल्यांदा त्या मुलीला गप्प बसलेलं पाहत होतो. मास्तर टेप हातात धरून जावयाच्या तोंडाकडे बघत होते. खांद्यांकडे नाही.

मग त्यांनी टेपवरचा आकडा वाचला, भुवया वर केल्या, पुन्हा वाचला. "टेप खोटं बोलत असावी," असं म्हणाले खरे, पण त्याच आकड्याने कामाला लागले. कोटाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या. आत चांगलं तीन-तीन बोटं कापड दुमडून सोडलेलं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "नजर चुकत नाही, तर आत इतकं कापड कशाला सोडता?"

"नजर चुकत नाही," दोऱ्याला मेण लावत मास्तर म्हणाले. "माणूस वाढतो."

निळ्या जाकिटाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मास्तरांनी खोका उघडला, जाकीट जावयाच्या छातीला लावून बघितलं, आणि ते घेऊन बाहेर गेले. खिडकीतून आम्हाला दिसलं. पिवळ्या फुलांत ते साहेबांना जाकीट घालत होते. बटणं लावली, दोन पावलं मागे गेले, चष्मा कपाळावर घेतला. अगदी मापात बसलं होतं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा, खरं सांगतो, फुलला होता.

जेवायला बसलो तेव्हा जावई कोटात होता. पहिले काही घास त्याने सवयीने जपून घेतले. मग मी त्याला सासऱ्यांची आणि शेळीची गोष्ट सांगितली. तिने रुमाल कसा पारखून नेला, ते. जावई हसायला लागला. साधं हसणं नव्हतं ते, दोन वर्षं साठवलेलं होतं. आधी खांदे हलले, मग पोट, मग टेबल. भांडी वाजली. बाहेर गाईंनी माना वर केल्या. लेक डोळे पुसायला लागली, हसून की कशाने ते तिचं तिला ठाऊक. मास्तर जेवायचे थांबून एकटक कोटाच्या मधल्या बटणाकडे बघत होते.

बटण जागचं हललं नाही.

मास्तरांनी एक लांब श्वास सोडला आणि लेकीपुढे जावयाचं ताट सरकवलं.

"वाढ त्यांना अजून," ते म्हणाले. "कापड आहे."